जुन्या गाडीचा आतला रंग: कमी खर्चात, घरच्या घरी

पद्मिनी, ॲम्बॅसेडर किंवा सुरुवातीच्या काळातली मारुती ८०० दारात आली की सगळ्यांचं लक्ष आधी बॉडीकडे जातं. गाडी डेंटर-पेंटरकडे जाते, बाहेरून चकाकून येते, आणि दार उघडलं की आत तडकलेलं रेक्झिन, पांढरट पडलेला डॅशबोर्ड, मळून काळपट झालेले डोअर पॅड. बाहेरचा रंग हे कारागिराचं काम आहे, ते त्याच्याकडूनच करून घ्यावं. आतलं मात्र बरंचसं घरी करता येतं. आतले भाग सुटे होतात, ते एकेक करून सावलीत रंगवता येतात, आणि एखादा भाग बिघडला तर पुसून पुन्हा मारता येतो.

नव्याने हात घालणाऱ्याने एक गोष्ट पक्की धरावी: या कामात पैसा रंगाला कमी आणि मेहनत सफाईला जास्त लागते. रंग निघाला, सोलला, चिकट राहिला अशा ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ रंग मारण्याच्या आधीच्या दोन दिवसांत असतं. म्हणून या लेखातही सफाईला जागा जास्त आहे.

आधी हंगाम बघा

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. त्या उन्हात स्प्रेमधून निघालेला रंग भागावर पडण्याआधीच हवेत वाळतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. त्यात दुपारी वावटळ उठली तर ओल्या रंगावर फुफाटा बसतो. पावसाळ्यात उलटं होतं. हवेतला दमटपणा वाळत्या रंगात अडकतो आणि वर दुधाळ झाक येते, विशेषतः टिनरवर चालणाऱ्या एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगांत. दिवाळी झाल्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ मराठवाड्यात या कामाला सगळ्यात चांगला. सकाळी दव उतरू द्यावं, दहानंतर सुरू करावं आणि चारच्या सुमारास रंग मारणं थांबवावं. ज्यांना उन्हाळ्यातच करायचं आहे त्यांनी पहाटे सहा ते नऊची वेळ धरावी. भाग आणि रंगाचा कॅन आदल्या रात्रीपासून घरात, गार जागेत ठेवावा.

काय रंगवायचं आणि काय नाही

भाग सोडवण्याआधी गाडीत बसून एक फेरी डोळ्यांनी मारा. कुठला भाग कशाचा आहे हे ओळखता आलं की निम्मं काम झालं. जुन्या गाडीत साधारण चार प्रकार सापडतात: पत्रा, रेक्झिन, कडक प्लास्टिक आणि कापड किंवा कार्पेट. फियाट ११०० सारख्या जुन्या गाड्यांत डॅशबोर्ड पत्र्याचा, बॉडीसारखाच रंगवलेला. मारुतीत तो प्लास्टिकचा. डोअर पॅड म्हणजे बहुतेक ठिकाणी हार्डबोर्डवर चढवलेलं रेक्झिन. प्रत्येकाला लागणारा रंग वेगळा आणि तयारीही वेगळी. सगळीकडे एकच डबा फिरवायचा मोह होतो, तो टाळावा.

काही गोष्टींना रंगाचा हात लावूच नये. सीट बेल्टचा पट्टा हा जिवाचा भाग आहे, रंगातल्या रसायनाने त्याचे धागे कमजोर होऊ शकतात. तो मळला असेल तर साबणाच्या कोमट पाण्याने धुवावा, विरला असेल तर बदलावा. ब्रेक-क्लचच्या पेडलवरचं रबर रंगवलं की पाय घसरतो. आणि फाटलेलं रेक्झिन रंगाने जुळत नाही. चीर असेल तिथे आधी सीटवाल्याकडे जाणं भाग आहे.

रंगाची निवड करताना मूळ रंग शोधा. उन्हाने उडालेला नव्हे, कारखान्यातून आलेला. डोअर पॅडची आत दडलेली कड, ॲशट्रेच्या मागची बाजू, मागच्या सीटखालची पट्टी, आर्मरेस्टच्या खालचा भाग, इथे तो अजून ताजा सापडतो. त्याच रंगात किंवा त्याच्या जवळच्या गडद छटेत राहिलात तर खर्च जवळजवळ निम्म्यावर येतो. क्रीमवरून तपकिरी सोपं. काळ्यावरून क्रीम करायचं तर हात दुपटीने लागतात आणि जिथे खरचटेल तिथून आतला काळा डोकावतो. गाडी ५० वर्षांच्या पुढची असेल तर आणखी एक विचार करावा. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे अशी मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेत नोंदवता येते. तो विचार मनात असेल तर आतही मूळ रंगच ठेवलेला बरा. एरवी आरसी बुकात नोंद असते ती बॉडीच्या रंगाची, त्यामुळे सीट आणि डोअर पॅड कुठल्या रंगाचे करायचे हा तुमचा प्रश्न.

डॅशबोर्डचा वरचा भाग मात्र फिकट किंवा चकचकीत करू नका. दुपारच्या उन्हात त्याचं प्रतिबिंब समोरच्या काचेवर पडतं आणि रस्ता धूसर दिसतो. संभाजीनगरच्या जालना रोडला संध्याकाळी सूर्याकडे तोंड करून गाडी चालवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. वर मॅट आणि गडद, खाली व बाजूला हवा तसा फिकट रंग, असं ठेवलं तर दिसायला चांगलं आणि चालवायला सोयीचं. सीट फिकट ठेवण्याचा फायदा उन्हाळ्यात मांडीला कळतो.

सामान

भांड्यांचा साबण, मऊ नायलॉनचा ब्रश, जुने टूथब्रश, सुती फडकी (धागे सुटणारी नकोत), आयसोप्रोपिल अल्कोहोल म्हणजे दुकानात ज्याला आयपीए म्हणतात ते, मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं, ४००, ६०० आणि ८०० नंबरचे वॉटर पेपर (पाणी लावून घासायचे पॉलिश पेपर). रंगाच्या बाजूला: रेक्झिनसाठी व्हिनाइल रंग, प्लास्टिकसाठी प्लास्टिक प्रायमर, पत्र्यासाठी मेटल प्रायमर. लहान गावातल्या दुकानात स्प्रे कॅन बहुधा काळा, पांढरा आणि सिल्व्हर एवढ्यातच मिळतात. हव्या त्या छटेसाठी संभाजीनगर, लातूर किंवा नांदेडला मशीनवर रंग जुळवून देणाऱ्या ऑटो पेंटच्या दुकानात मूळ रंगाचा तुकडा घेऊन जावं. डोअर पॅडच्या आतल्या कडेचा बोटभर तुकडा कापला तर बाहेरून दिसत नाही. रंग जुळवताना दुकानाबाहेर उजेडात येऊन बघावं, ट्यूबलाइटखाली बेज आणि राखाडी फसवतात. आणि दुकानदाराला स्पष्ट सांगावं की हा रंग रेक्झिनवर जाणार आहे, वाकणारा हवा. बॉडीचा साधा रंग दिला तर पहिल्याच महिन्यात घडीवर तडे जातात. बॉडीच्या पीयू (पॉलियुरेथेन) रंगात फ्लेक्स ॲडिटिव्ह नावाचं द्रव मिसळून तो वाकता करता येतो, पण ते काम कारागिराचं.

किती रंग लागेल याचा अंदाज असा: ४०० मिलीच्या एका कॅनमध्ये नीट झाकेपर्यंत पातळ हात देऊन साधारण एक ते दीड चौरस मीटर होतं. चार दारांचे पॅड मोजून बघा, दोन ते तीन कॅन निघतील. एक कॅन जास्तीचा त्याच वेळी, त्याच खेपेतला घ्यावा. पुढच्या खेपेत छटा थोडी हलते.

सोडवणं

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून मगच आत हात घाला. मीटर, स्विच, रेडिओ काढताना वायरींना टेपची चिठ्ठी लावा आणि प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो घ्या. स्क्रू भागागणिक वेगळ्या पुडीत ठेवून वर नाव लिहा.

डोअर पॅड काढताना सगळ्यात जास्त नुकसान होतं. तो स्क्रूशिवाय क्लिपांवर बसलेला असतो आणि हार्डबोर्ड वर्षानुवर्षं पाणी पिऊन भुसभुशीत झालेला असतो. कडेला धरून ओढलं तर क्लिप दारातच राहते आणि बोर्डाचं भोक फाटतं. रुंद, बोथट पात्याचं हत्यार क्लिपच्या अगदी शेजारी घालून एकेक क्लिप उचलावी. काच वर-खाली करण्याचा हँडल काही गाड्यांत स्क्रूवर असतो, मारुतीसारख्या गाड्यांत मागे स्प्रिंगची क्लिप दडलेली असते. फडक्याची पट्टी हँडलच्या मागून घालून दोन्ही हातांनी इकडून तिकडे ओढली की ती क्लिप सुटून उडते. कुठे पडते त्यावर नजर ठेवा. बोर्डाची भोकं फाटलीच असतील तर मागून हार्डबोर्डचा छोटा चौकोन फेविकॉलने चिकटवून नवीन भोक पाडता येतं. बोर्ड पूर्णच गेला असेल तर सुताराकडून तोच आकार पातळ प्लायमध्ये कापून घेणं स्वस्त पडतं. मूळ बोर्ड वरून ठेवून आखून द्यावा, मापं तोंडी सांगू नयेत.

सफाई, जिथे काम खरं ठरतं

जुन्या गाडीच्या रेक्झिनवर तीन थर असतात: धूळ, माणसांच्या हातापाठीचं तेल, आणि मागच्या मालकाने हौसेने मारलेलं डॅशबोर्ड पॉलिश. तिसरा सगळ्यात वाईट. त्यात सिलिकॉन असतं. वरून दिसत नाही, पण रंग मारला की तो जागोजागी गोल गोल सरकून आतला भाग उघडा पडतो. पेंटर त्याला फिश-आय म्हणतात.

पहिली धुलाई कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने. ब्रश रेक्झिनच्या दाण्यांत गोल फिरवा, शिवणीत टूथब्रश. फेस काळा यायचा थांबेपर्यंत हेच करत राहा, मागच्या सीटच्या पाठीला चार वेळाही लागू शकतं. हार्डबोर्डला मात्र पाणी लागू देऊ नका. डोअर पॅड ओल्या फडक्यानेच पुसावा.

इथे पाण्याकडे लक्ष द्या. आपल्याकडे बोअरचं पाणी जड असतं. बादलीच्या कडेला जी पांढरी खार साचते तीच रेक्झिनच्या दाण्यांत वाळून बसते, आणि तिच्यावर मारलेला रंग पुढे फुगतो. धुणं बोअरच्या पाण्याने चालेल, पण शेवटचा हात इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याने पुसावा. पाच लिटरच्या कॅनमध्ये सगळी गाडी होते.

पूर्ण वाळल्यावर आयपीएचा हात. फडकं भिजवून एका दिशेने पुसायचं, प्रत्येक वेळी फडक्याची नवी बाजू. मागेपुढे घासलं तर तेल फक्त पसरतं. रेक्झिनवर टिनर कधीही वापरू नका. तो रेक्झिनचा वरचा थर विरघळवतो, दाणा मरतो आणि भाग कायमचा चिकट होतो. बऱ्याच प्लास्टिकलाही टिनर खातो. गॅरेजमध्ये कुणी "टिनरनं पुसून टाक की लगेच" म्हणालं तर पत्र्यापुरतं ऐकावं.

सफाई झाली की नाही हे बघायची सोपी खूण: डिस्टिल्ड पाणी शिंपडा. ते सलग पसरलं तर भाग तयार आहे. थेंब थेंब होऊन उभं राहिलं तर तेल किंवा सिलिकॉन अजून आहे, पुन्हा पहिल्यापासून. यात कंटाळा आला तर काम तिथेच थांबवून दुसऱ्या दिवशी करावं, पण पुढे जाऊ नये. खूण पटली की पाणी टिपून भाग नीट वाळवायचा आणि मगच रंगाकडे वळायचं.

रेक्झिनवर रंग

रेक्झिन म्हणजे मऊ केलेलं पीव्हीसी. मऊ राहावं म्हणून कारखान्यात त्यात तेलासारखं रसायन घातलेलं असतं. बंद गाडीत उन्हाळ्यात काळा डॅशबोर्ड ७० अंशांच्या पुढे तापतो आणि वर्षानुवर्षं ते रसायन हळूहळू बाहेर येत राहतं. रेक्झिन कडक होऊन तडकतं ते यामुळे. दार-खिडकीचा ऑइल पेंट रेक्झिनवर कधीच नीट वाळत नाही त्याचंही कारण हेच. ते रसायन रंगात शिरून त्याला मऊ करतं, आणि वर्षानेही कपड्याला रंग लागतो. म्हणून व्हिनाइलसाठीचाच रंग घ्यावा, इथे काटकसर नको.

भाग उभा न ठेवता आडवा मांडा. कॅन दोन मिनिटं हलवा. २० ते २५ सेंटिमीटरवरून, हात भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच सोडायचा. पहिला हात इतका पातळ की जुना रंग स्पष्ट दिसत राहावा. नव्या माणसाला इथे राहवत नाही, एकाच हातात झाकायला बघतो आणि रंग ओघळतो किंवा दाण्यांत भरून रेक्झिन प्लास्टिकच्या पिशवीसारखं गुळगुळीत दिसतं. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा हात आडव्याच्या उलट उभा. मग तिसरा. बहुतेक ठिकाणी तीन ते चार हातांत होतं. शिवणी आणि पायपिंगच्या (शिवणीतल्या गोल गोटाच्या) कडा आधी तिरक्या मारून घ्याव्यात.

सीटबद्दल स्पष्ट मत सांगतो. सीटची पाठ, बाजू, मागचा भाग रंगाने उत्तम होतो. बसण्याचा मधला भाग रोज घासला जातो, दबतो, घामाने भिजतो, तिथे कुठलाही रंग आधी जातो. म्हणून कमी पैशात टिकाऊ करायचं असेल तर सीटवाल्याकडून फक्त मधला पट्टा नव्या रेक्झिनचा शिवून घ्यावा आणि बाकीचा भाग त्याच्याशी जुळता रंगवावा. संभाजीनगरात, नांदेडात जुने सीटवाले चाचा अजून हे काम हाताने करतात. सीट सोडवून, कुशन त्यांच्याकडे नेलं की मजुरी कमी पडते. फोम बसला असेल तर त्याच फेरीत वरून एक थर टाकून घ्यावा. आधी शिवण, नंतर रंग, हा क्रम उलटवू नका.

पत्रा आणि प्लास्टिक

पत्र्याच्या डॅशबोर्डवरचा जुना रंग कोरडा घासू नका. त्या काळच्या रंगांत शिसं असण्याची शक्यता असते आणि त्याची पूड श्वासात जाते. ४०० च्या वॉटर पेपरने पाणी लावत घासा, घरातली लहान मुलं लांब ठेवा, खाली पडलेला गाळ वर्तमानपत्रात गुंडाळून टाका. गंज असेल तिथे उघड्या पत्र्यापर्यंत जाऊन लगेच प्रायमर द्यावा. खड्डे पुट्टीने भरून ६०० ने गुळगुळीत करावे. वरचा रंग पेंटरकडून मारून घेणार असाल तर एवढी तयारी करून नेलेल्या भागाचे तो कमीच घेतो.

प्लास्टिकच्या भागाच्या मागे कोरलेली अक्षरं बघा, त्यावरून प्लास्टिकची जात कळते. एबीएस असेल तर ८०० ने हलकं घासून प्लास्टिक प्रायमर आणि रंग, एवढं पुरतं. पीपी (पॉलिप्रॉपिलीन) असेल तर साधा रंग त्यावर धरतच नाही. त्याला आधी ॲडहिजन प्रमोटर नावाचा पारदर्शक हात लागतो, आणि तो ओलसर असतानाच, कॅनवर लिहिलेल्या वेळेत, रंग जायला हवा.

स्टिअरिंगच्या रिमला भेगा असतात. त्या थोड्या रुंद करून एम-सील भरा, वाळल्यावर घासून गोलाई जुळवा. वरचा रंग मात्र हार्डनर घातलेला पीयूच हवा, कारण घामट हाताखाली कॅनचा रंग चिकट होतो. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा कापडी मास्क त्याला अडवत नाही, आणि एकदा त्याचा दमा जडला की सुटत नाही. हे काम योग्य उपकरणं असलेल्या पेंटरकडे द्या. साध्या कॅनसाठीही रसायनांच्या वाफेला चालणारा कार्ट्रिजचा मास्क वापरा, गाडीच्या आत बसून स्प्रे मारू नका, आणि जवळ बिडी-सिगारेट, शेगडी किंवा वेल्डिंग असू नये.

कार्पेट, छत

कार्पेटवर कापडाचा रंग स्प्रेने मारून ब्रशने धाग्यांत मुरवतात. फक्त गडद करता येतं, फिकट नाही. खालून कुजलेलं असेल तर त्यावर वेळ घालवू नका, मीटरवर नवीन घेऊन जुन्याच्या मापाने कापा. उचललेलंच आहे तर तळाचा पत्रा बघून घ्या.

छताचं रेक्झिन लोंबत नसेल तर स्वच्छ करून दोन अगदी पातळ हात पुरतात. छोटी भोकं असलेलं छत असेल तर भोकं बुजू देऊ नका. लोंबत असेल तर ते सीटवाल्याचं काम.

वाळणं आणि बसवणं

तासाभरात हाताला कोरडं लागतं, पण ते फसवं आहे. भाग २४ तास धूळ नसलेल्या सावलीच्या खोलीत ठेवा, मग न दिसणाऱ्या कोपऱ्यात मास्किंग टेप दाबून चिकटवा आणि झटक्यात ओढा. टेपला रंग आला तर सफाईत कमी राहिली, तो भाग पुन्हा करावा लागेल. नाही आला तर बसवायला हरकत नाही. रंग पूर्ण टणक व्हायला आठवडा धरा. तोवर सीटवर टॉवेल टाकून बसा, आतून धुऊ नका आणि गाडी काचा बंद करून उन्हात लावू नका.

पुढे सफाईला साबणाचं पाणी आणि ओलं फडकं एवढंच. चकाकी देणारं पॉलिश पुन्हा आत आणू नका, पुढच्या वेळी तेच काढत बसावं लागेल. उन्हाळ्यात समोरच्या काचेला आतून पुठ्ठ्याचा आडोसा लावला तर रेक्झिन आणि रंग दोन्ही जास्त टिकतात. उरलेला कॅन उलटा धरून, नोझलमधून नुसता गॅस येईपर्यंत दाबा म्हणजे तो बंद पडत नाही. मग वर गाडीचं नाव, भाग आणि तारीख लिहून गार कपाटात ठेवा. दाराच्या आर्मरेस्टची कड सगळ्यात आधी उघडी पडते, तिथे वर्षा-दोन वर्षांनी एक पातळ हात याच कॅनमधून जाईल.